काल्पनिक जगातील प्रेषित : चरित्र आणि वारसा कोणत्या क्रमाने रचावा

काल्पनिक जगासाठी प्रेषित रचणारे बहुतेक लेखक जन्मापासून सुरुवात करतात. वादळी रात्र, आकाशातले चिन्ह, सातव्या वर्षी पहिला चमत्कार, मग उपदेश, छळ, मृत्यू, आणि अखेरीस ‘त्यानंतर त्याचा पंथ सर्वदूर पसरला’ असे एक वाक्य. खरे काम त्या शेवटच्या वाक्यात दडलेले असते आणि नेमके तेच करायचे राहून जाते. परिणामी कथेतली माणसे ज्याच्या नावाने शपथ घेतात, भांडतात, जीव देतात, तो प्रेषित वाचकाला भिंतीवरच्या तसबिरीसारखा वाटतो. पुढील टप्पे उलट क्रमाने जातात : आधी वारसा, मग वचन, त्यानंतर आयुष्य आणि सर्वांत शेवटी बालपण.

## तयारी : तीन वह्या

लेखनाला बसण्यापूर्वी तीन स्वतंत्र वह्या करा. संगणकावर लिहीत असाल तर तीन स्वतंत्र फायली. पहिलीचे नाव ‘घडले ते’, दुसरीचे ‘बोलले ते’ आणि तिसरीचे ‘मानले ते’. पहिल्या वहीत तुमच्या जगात प्रत्यक्ष काय झाले एवढेच येईल, आणि ती तुमच्याखेरीज कोणी वाचणार नाही. दुसऱ्या वहीत प्रेषिताच्या तोंडचे शब्द, जसेच्या तसे, ते कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी उच्चारले यासह. तिसऱ्या वहीत नंतरच्या पिढ्यांनी त्याबद्दल काय धरून ठेवले, काय गाळले आणि काय पदरचे घातले ते.

सोयीसाठी एक नमुना शेवटपर्यंत वापरतो. ओहिरा ही नदीकाठच्या घाटावर नाव चालवणारी बाई. तिचे एकच वचन लोकांच्या तोंडी उरले आहे : ‘तिसरा पूर पायरी मोजणार नाही.’

सावधान : तिन्ही वह्यांतला मजकूर एकाच कागदावर आला की दुसऱ्याच दिवशी यातले खरे कोणते आणि मानलेले कोणते हे तुम्हालाच सांगता येत नाही. माझा पहिला खर्डा याच कारणाने टाकून द्यावा लागला. पंथाची एक आख्यायिका मी घटना समजून पुढची तीन प्रकरणे तिच्यावर उभारली होती.

## टप्पा १ : वारशापासून सुरुवात करा

तुमची कथा ज्या काळात घडते त्या काळातला एक वाद निवडा, ज्यात दोन्ही बाजू त्याच प्रेषिताचा आधार घेतात. वाद तात्त्विक नको, हातात धरता येईल असा हवा. देव एक की अनेक, यावर पात्रे पानेच्या पाने बोलतील आणि कथा जागची हलणार नाही.

नमुन्यात ओहिराच्या वचनाला २६० वर्षे झाली आहेत. घाटाची सर्वांत खालची पायरी ढासळू लागली आहे. घाटवाले म्हणवणारा पंथ ती दुरुस्त करू देत नाही, कारण त्यांच्या मते ओहिराने घाट अभंग राहील असे सांगितले असल्याने गवंडी बोलावणे म्हणजे तिच्या शब्दावर अविश्वास दाखवणे होय. दुसरा पंथ पायरीवाल्यांचा. त्यांना सगळ्या पायऱ्या फोडून सपाट उतार करायचा आहे. मधल्यामध्ये नावाडी रोज त्या ढासळलेल्या पायरीवर पाय घसरून पडत आहेत.

वाद नीट बसला आहे का हे पाहताना मी एकच प्रश्न विचारतो : याच्या निकालाने कोणाची तरी भाकरी जाते का? जात नसेल तर दुसरा वाद शोधा.

तपासणी : दोन्ही पक्षांची बाजू प्रत्येकी पाच-सहा वाक्यांत लिहून पाहा. एक बाजू लिहिताना कंटाळा आला, तर ती अजून खरी झालेली नाही.

## टप्पा २ : दैवी शक्तीचा नियम आणि तिची किंमत

काल्पनिक जगात ही अडचण विशेष असते. तिथे देव खरोखर बोलू शकतात आणि जादू सर्वांसमक्ष करून दाखवता येते. ज्या जगात मंत्राने दिवा लागतो तिथे प्रेषिताने दिवा लावला तर तो केवळ कुशल मांत्रिक ठरेल. त्यामुळे प्रेषिताला मिळणारे ज्ञान त्या जगातल्या इतर विद्यांहून कशात वेगळे आहे, हे आधी ठरवावे लागते.

पहिल्या वहीत तीन गोष्टी नोंदवा. आवाज खरा आहे की नाही. खरा असल्यास तो कधी आणि कोणत्या रूपात येतो. आणि ऐकणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते. किंमत नसलेली दिव्यदृष्टी कथानकाला निरुपयोगी असते, कारण मग प्रेषित प्रत्येक संकट आधीच का सांगत नाही, या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

ओहिराच्या बाबतीत नदी खरोखर बोलते, परंतु प्रत्येक वेळी ऐकल्यावर ओहिरा एका परिचिताचा चेहरा कायमचा विसरते. हा नियम पुढे सहाव्या टप्प्यात कामाला येणार आहे. असा नियम निवडावा की तो पाहणाऱ्यांना दिसेल, पण त्याचे कारण त्यांना कळणार नाही.

## टप्पा ३ : वचनाचे शब्द घडवणे

सर्वाधिक वेळ इथे द्या. भाकिताचा आशय ठरवून शब्द नंतर पाहू, असे म्हणणारे लेखक हमखास फसतात, कारण पुढच्या पिढ्या आशयावर नव्हे, शब्दांवर भांडतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली क्रीससची गोष्ट याचा उत्तम धडा आहे. पर्शियावर स्वारी केल्यास एक मोठे साम्राज्य नष्ट होईल, असे डेल्फीच्या देववाणीने लिडियाच्या या राजाला सांगितले. स्वारी झाली आणि साम्राज्य नष्टही झाले, पण ते त्याचे स्वतःचे. सगळी करामत ‘एक’ या शब्दात आहे.

वचन लहान हवे, अशिक्षित माणसाच्या एका श्वासात मावेल एवढे. त्यात रोजच्या वापरातली वस्तू असावी. संदिग्धता धुक्यातून नव्हे, व्याकरणातून किंवा शब्दाच्या दुहेरी अर्थातून यावी. ‘अंधार प्रकाशाला गिळेल’ यासारखी वाक्ये टाळा. त्यांचे हजार अर्थ निघतात, म्हणून एकावरही कोणी जीव टाकत नाही.

‘तिसरा पूर पायरी मोजणार नाही’ हे वाक्य चिरून पाहा. पूर इतका मोठा असेल की पायऱ्यांची पर्वा न करता सगळा घाट बुडवेल, हा एक अर्थ. पूर पायरीपर्यंत पोचणारच नाही, म्हणून मोजायचा प्रश्नच नाही, हा नेमका विरुद्ध अर्थ. पायरी म्हणजे माणसाची प्रतिष्ठा धरली, तर पूर लहानथोर पाहणार नाही, हा तिसरा. पायरीवाल्यांचा सगळा समतेचा विचार याच अर्थातून निघतो. शिवाय वचनाची नक्कल उतरवणाऱ्या एका लेखनिकाने ‘मोजणार’च्या जागी ‘मोडणार’ लिहिले. एका अक्षराच्या या चुकीतून घाट अभंग राहील ही घाटवाल्यांची श्रद्धा जन्मली.

आणि ‘तिसरा’ म्हणजे कोठून मोजून? ओहिराच्या जन्मापासून, वचनापासून की मृत्यूपासून? एका संख्येने तीन पंथांची सोय होते.

आता पहिल्या वहीत जे खरोखर घडले ते लिहा. घाटावर नाव ज्या पायरीला लागेल त्याप्रमाणे पट्टी, म्हणजे कर, घेत असत. पट्टी वसूल करणाऱ्या कारकुनाशी हुज्जत घालताना, नदीकडून नुकतेच जे ऐकले होते ते ओहिरा रागाच्या भरात बोलून गेली. तिला कोणता अर्थ अभिप्रेत होता, ते पहिल्या वहीत आहे. वाचकाला ते कधीही सांगायचे नाही.

अटीचे भाकीत करायचे असेल तर एक पेच ध्यानात ठेवा. बायबलमध्ये योना निनवे शहराचा ४० दिवसांत नाश होईल असे सांगतो, लोक पश्चात्ताप करतात, शहर वाचते आणि योनाच रुसून बसतो. इशारा यशस्वी झाला की भाकीत खोटे ठरते. प्रेषिताला नक्की काय हवे होते, यावर अशा ठिकाणी एक उत्तम प्रकरण लिहिता येते.

तपासणी : वचन तीन जणांना एकेकट्याने वाचून दाखवा आणि अर्थ विचारा. तिघांनी एकच अर्थ सांगितला तर शब्द बदला. तिघांनीही ‘कळले नाही’ म्हटले तरीही बदला.

## टप्पा ४ : कालपट आणि आयुष्यातल्या मोजक्या घटना

वचनाच्या वर्षाला शून्य धरून एक कालपट काढा. ओहिरा त्या वेळी ३१ वर्षांची. ती १३व्या वर्षी, म्हणजे वयाच्या ४४व्या वर्षी वारते. वचनाआधी तिने दोन पूर पाहिले होते, वयाच्या ९व्या आणि २०व्या वर्षी. वचनानंतरचे पूर ६, १५, २४ आणि ४० या वर्षी आले. आता मोजा : जन्मापासून तिसरा पूर ६व्या वर्षी येतो, वचनापासून तिसरा २४व्या वर्षी आणि मृत्यूपासून तिसरा ४०व्या वर्षी. सहाव्या वर्षी पाणी घाटाच्या खालीच थांबले. चोविसाव्या वर्षी सगळा घाट बुडाला. चाळिसाव्या वर्षी मात्र पाणी निम्म्या घाटापर्यंत आले आणि ओसरले. विशेष काहीच झाले नाही. प्रत्येक गणनेला साजेसा पूर देण्याचा मोह मला झाला होता, पण सगळेच जुळले तर तो इतिहास राहत नाही, कोडे होते.

एवढे झाल्यावर आयुष्यातल्या सात-आठ घटना निवडा आणि बाकीची वर्षे कोरी ठेवा. त्या घटनांत उपजीविका, एक अपमान, एक चूक आणि प्रेषिताला खाऊ घालणारा एक तरी माणूस असलाच पाहिजे. उपदेशक फिरत असेल तर तो झोपतो कुठे आणि त्याच्या जेवणाचा खर्च कोण करतो, हे ठाऊक नसलेला लेखक त्याचे शिष्यही रंगवू शकत नाही, कारण पहिला शिष्य बहुधा जेवण देणाऱ्यांतूनच येतो.

सावधान : बालपणाला अजून हात लावू नका. बालपणीच्या शुभचिन्हांच्या कथा लोक सहसा माणूस मोठा ठरल्यावर सांगू लागतात. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातल्या सर्वांत प्राचीन गाथांमध्ये, ज्यांची १७ सूक्ते जरथुष्ट्राची मानली जातात, चरित्र फार थोडे आहे. जन्माच्या चमत्कारांची सविस्तर वर्णने अनेक शतकांनंतरच्या पहलवी ग्रंथांत येतात. तुमच्याही जगात हा मजकूर तिसऱ्या वहीत, शेवटी लिहावा.

## टप्पा ५ : साक्षीदार उभे करणे

प्रेषिताबद्दल कोणालाही जे काही कळते ते कोणाच्या तरी मुखातून. चार साक्षीदार पुरेत, परंतु प्रत्येकाला स्वतःचा स्वार्थ, स्वतःची जागा आणि न दिसलेला भाग हवा. ओहिराचे वचन प्रत्यक्ष ऐकणारे दोघेच : पट्टीचा कारकून आणि नावेत बसलेली एक आजारी मुलगी. कारकून आपला उद्धटपणा गाळून सांगतो. मुलीला तापात अर्धेच ऐकू आले होते, पण ती ८० वर्षे जगली आणि अखेरपर्यंत सांगत राहिली. तिचेच कथन टिकले. खरेपणापेक्षा दीर्घायुष्य अशा कामी जास्त उपयोगी पडते.

या टप्प्यासाठी मराठी लेखकाला दूर जावे लागत नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, आणि मूळ प्रत नाहीशी झाल्यावर अनुयायांनी आठवणीतून पाठ पुन्हा उभे केले. त्या वेगवेगळ्या पाठांना परंपरेत ‘वासना’ म्हणतात. तुमच्या जगातल्या पंथाकडेही पाठभेदासाठी असाच स्वतःचा एक शब्द असावा. एका शब्दाने जे साधते ते पानभर स्पष्टीकरणाने साधत नाही.

तपासणी : एकच प्रसंग चारही साक्षीदारांच्या तोंडून प्रत्येकी चार वाक्यांत लिहा. नावे झाकली तरी कोण बोलतो आहे हे ओळखता आले पाहिजे.

## टप्पा ६ : मृत्यूनंतरची पहिली चाळीस वर्षे

प्रेषित स्वतः पंथ घडवत नाही. त्याच्या मागे राहिलेली माणसे पहिल्या दोन पिढ्यांत तो घडवतात. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी दाखवल्याप्रमाणे, एका व्यक्तीच्या प्रभावावर उभा राहिलेला समूह ती व्यक्ती गेल्यावर टिकायचा असेल तर त्या प्रभावाचे रूपांतर पदांत, नियमांत आणि वहिवाटीत व्हावे लागते. म्हणून इथे तीन व्यवहार तपशिलाने सोडवा : उत्तराधिकारी कोण, पैसा कोण सांभाळतो आणि वचन खोटे ठरल्यासारखे दिसले तेव्हा कोण काय बोलले.

उत्तराधिकाराचा वाद गैरसमजातून निघाला तर तो खरा वाटतो. ओहिराने मरणाच्या आधी अखेरचे एकदा नदीचे ऐकले आणि तिच्या सर्वांत जवळच्या शिष्याचा चेहरा ती विसरली. तो पाणी घेऊन उशाशी आला तेव्हा तिने विचारले, ‘आपण कोण?’ खोलीत पाच माणसे होती. दोघांनी याचा अर्थ त्याग असा घेतला आणि दोघांनी हा परीक्षेचा प्रश्न मानला. शिष्याने उरलेले आयुष्य त्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यात घालवले. दुसऱ्या टप्प्यातली किंमत अशी वसूल होते.

फसलेल्या भाकिताबाबत नवखे लेखक एक ठरावीक चूक करतात : भाकीत खोटे ठरले की त्यांचा पंथ रातोरात विरतो. इतिहासात असे दरवेळी होत नाही. विल्यम मिलर यांच्या अमेरिकेतील अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहिली. तो दिवस तसाच गेला. अनेक जण चळवळ सोडून गेले, पण एका गटाने तारीख बरोबर होती, घटना मात्र पृथ्वीवर नव्हे तर स्वर्गात घडली, असा अर्थ लावला, आणि त्यांच्यातूनच १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर संघटना झाली. सब्बताई झ्वी या मसीहा म्हणवल्या गेलेल्या ज्यू गुरूने १६६६ मध्ये उस्मानी दरबारात इस्लाम स्वीकारला, तेव्हाही बहुतेकांचा भ्रमनिरास झाला, तरी त्याचा प्रचार करणाऱ्या गाझाच्या नाथानने त्या धर्मांतरालाच गूढ कार्य ठरवले आणि काही अनुयायी निष्ठा राखून राहिले.

यावरून तीन प्रतिक्रिया वाटून द्या. काही जण सोडून जातात. काही जण गणना बदलतात. काही जण घटना घडली, पण डोळ्यांना न दिसणारी घडली, असे म्हणतात. वचनानंतर चाळिसाव्या वर्षी पाणी निम्म्या घाटावर थांबले तेव्हा मृत्यूपासून मोजणाऱ्यांनी ‘पूर माणसांच्या मनात आला’ असे सांगितले. हे वाक्य लिहिताना मला हसू आले होते. पंथातल्या माणसाला ते येऊ देऊ नका.

सावधान : अनुयायांना मूर्ख किंवा लबाड रंगवू नका. ज्याने आपली होडी विकून पंथात प्रवेश केला त्याला परत जायला जागा नसते. त्याचा हिशेब मांडा, तो शहाणाच दिसेल.

## टप्पा ७ : ग्रंथाचे थर

वचन लिहून कधी ठेवले आणि कोणी, हे ठरवा. प्रेषिताने स्वतः ग्रंथ लिहिला की गोंधळ टळतो असे समजू नये. इ.स. २१६ मध्ये जन्मलेल्या मानी या पंथसंस्थापक प्रेषिताने, आधीच्या प्रेषितांनी स्वतः लेखन न केल्याने त्यांच्या शिकवणीत भेसळ झाली असे मानून, आपले ग्रंथ स्वतः लिहिले. आज त्यांतले बहुतेक केवळ तुकड्यांच्या आणि अवतरणांच्या रूपात उरले आहेत.

ग्रंथात निदान तीन थर ठेवा : जुने, तुटक, बोलीतले वाक्य, त्यावरचे भाष्य, आणि घटना घडून गेल्यावर आत सरकवलेले ‘भाकीत’. तिसरा थर ओळखण्याची युक्ती एखाद्या पात्राला देता येते. बायबलमधल्या दानिएलच्या पुस्तकातली राजांची वर्णने इ.स.पू. १६७च्या सुमारापर्यंत अचूक जातात आणि चौथा अँटिओकस या सेल्युकिड राजाच्या मृत्यूचा तपशील मात्र चुकतो, म्हणून ते भाग त्याच दरम्यान लिहिले गेले असावेत, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. भाकीत जिथपर्यंत बिनचूक असते तिथे लेखक बसलेला असतो. तुमच्या कथेतल्या ग्रंथपालाला ही एक कसोटी पुरेल.

## टप्पा ८ : रोजच्या जगण्यातल्या खुणा

इथे फार वेळ घालवू नका. एक कालगणना, एक सण, एक शपथ आणि एक शिवी एवढे पुरे. कालगणनेचा आरंभ मात्र विचारपूर्वक निवडा, कारण समाजाने कोणत्या प्रसंगाला मोठे मानले हे त्यातून कळते. हिजरी सन पैगंबरांच्या जन्मापासून नव्हे, इ.स. ६२२ मधील मदिनेच्या स्थलांतरापासून मोजतात. घाटवाले ओहिराच्या मृत्यूपासून वर्षे मोजतात आणि पायरीवाले वचनापासून, त्यामुळे एकाच करारपत्रावर १३ वर्षांचे अंतर असलेल्या दोन तारखा पडतात आणि सावकारांचे फावते.

आता बालपण लिहा. तिसऱ्या वहीत, एखाद्या पंथाच्या भाषेत, अतिशयोक्तीसह.

## टप्पा ९ : प्रत्यक्ष लेखन आणि अखेरची तपासणी

चरित्र सलग सांगू नका. वाचकाला ते वादाच्या ओघात, तुकड्यातुकड्यांनी आणि पक्षपाती तोंडांतून मिळू द्या. पहिल्या वहीतल्या गोष्टींपैकी फार तर एक दशांश पानावर येईल. उरलेल्यामुळे तुमचा हात डळमळत नाही. प्रकरण लिहून झाले की तिन्ही वह्या उघडून प्रत्येक वाक्यासमोर ते कोणत्या वहीतले आहे त्याचा आकडा लिहा. निवेदकाच्या तोंडी तिसऱ्या वहीतले वाक्य घटना म्हणून आले असेल तर ते एखाद्या पात्राकडे सोपवा.

मग प्रकरण अशा माणसाला वाचायला द्या ज्याला वह्यांची कल्पना नाही, आणि पायरी दुरुस्त करावी की नाही एवढेच विचारा. त्याने क्षणाचाही विचार न करता एका पंथाला खुळ्यात काढले, तर पहिल्या वहीतले एखादे वाक्य बाहेर गळले आहे. ते बहुधा कारकुनाच्या प्रसंगात सापडेल. काढून टाका आणि दुसऱ्या वाचकाकडे द्या.